ठोका, थांबा, ऐका

"अजून नाही," एवढंच म्हणून बाई मिटलेल्या पुस्तकावर पंजा ठेवायच्या. समोर सातवीची अडतीस मुलं मांडी घालून बसलेली, प्रत्येकाच्या पुढ्यात त्याच कादंबरीची एकेक प्रत, आणि ती उघडायची परवानगी कुणालाच नाही. एखाद्याने कोपरा हळूच उचलून पहिल्या ओळीवर डोळा टाकलाच, तर बाई त्याला रागवत नसत. त्याचं पुस्तक माझ्या टेबलावर आणून ठेवत आणि म्हणत, "हे आठवडाभर तुमच्याकडे राहू दे." मी ते कपाटात टाकून कुलूप लावायचो. पुस्तकं कुलपात ठेवणं हे माझं आयुष्यभराचं काम. मी ग्रंथपाल आहे.

आमची शाळा घोडबंदर रोडवरची. तुम्ही त्या रस्त्याने गेला असाल तर पाहिलीही असेल. तशा तिथे बऱ्याच आहेत आणि सगळ्या सारख्याच दिसतात. इंग्रजी माध्यम, एसी वर्ग, फाटकाशी पिवळ्या बसगाड्यांची रांग. अशा शाळेत मराठीच्या शिक्षिकेचा मान पीटीच्या सरांच्या खाली आणि बसमधल्या ताईंच्या जरासा वर असतो. विषय सक्तीचा म्हणून शिकवायचा, आणि तो मुलांना जड जाऊ नये याची काळजी घ्यायची. यातली दुसरी अट बाईंना शेवटपर्यंत कळली नाही, किंवा कळूनही त्यांनी ती मनावर घेतली नाही.

मुलं त्यांना मिस म्हणत. मी बाई म्हणायचो, कारण डोंबिवलीत मी ज्या शाळेत शिकलो तिथे बाईच असत आणि मला त्यांची भीती वाटे. या बाईंचीही वाटायची. त्या शहाडहून यायच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, सुती साडी, पायात रबरी तळव्याच्या चपला, खांद्याला एक तागाची पिशवी. त्या पिशवीतून काय निघेल याचा नेम नसे. वर्गातले बाक जमिनीला ठोकलेले होते, आणि बाईंना मुलं जमिनीवर बसलेली हवी असत. म्हणून सातवीचा मराठीचा तास माझ्या लायब्ररीत भरायचा. त्यामुळे जे काही झालं ते सगळं मी पाहिलं आहे. पुढे हेच माझ्या अंगाशी आलं, आणि त्यांच्याही.

ती कादंबरी कोणती ते मी सांगणार नाही. त्यात तिचा काही दोष नाही. बारा वर्षांची एक मुलगी, घाटात दरड कोसळून वाट तुटल्यामुळे एका ओस पडलेल्या वाडीत अडकते आणि एका शेळीच्या सोबतीने एकवीस दिवस काढते, एवढीच गोष्ट. सव्वाशे पानं. दुसऱ्या कुणी ती चार तासांत उरकली असती. बाई पाच आठवडे नुसती तयारी करून घेत आणि मग दोन आठवडे वाचत. मी पहिल्या वर्षी विचारलंही, "बाई, एवढं कशाला?"

"पहिल्याच पानावर ती एकटी पडते," बाई म्हणाल्या. "आणि आपली पोरं त्या वेळी काय करणार? पुढचं पान उलटणार."

तयारीची सुरुवात शब्दांपासून व्हायची. बाई पिशवीतून काटक्यांची एक मोळी काढून मधोमध ठेवत. "सरपण. हात लावा." मग राख. मग शेवाळलेला एक दगड, तो ओला राहावा म्हणून फडक्यात गुंडाळून आणलेला. "ज्या वस्तूला हात लावला नाही तिचा शब्द वाचता येत नाही," असं त्या म्हणायच्या. माझ्या फरशीवर राख सांडायची आणि मी कपाळाला आठ्या घालून झाडू शोधायचो. एकदा त्यांनी विचारलं, सरपण कुणी आधी पाहिलं आहे का. एका मुलाने हात वर केला आणि सांगितलं की त्यांच्या क्लबहाउसमध्ये आहे, शोभेच्या शेकोटीत, आणि त्याच्या आत लाल बल्ब लावलेला आहे. मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. "तो बल्ब गेला की मला सांग," म्हणाल्या.

दुसऱ्या आठवड्यात काड्यापेटी यायची. पालकांच्या सहीची चिठ्ठी आधीच घेतलेली असे. बाई त्या बाबतीत काटेकोर होत्या. मैदानाच्या कोपऱ्यात, वाऱ्यात, प्रत्येकाला तीन काड्या आणि एक वीतभर लाकूड. काडी कशी धरतात हेच बहुतेकांना ठाऊक नसायचं. पहिल्या मिनिटात तिन्ही संपायच्या आणि पोरं बाईंकडे हात पसरायची.

"मिस, एक और."

"संपल्या? मग थंडीत बसा."

एका वर्षी एक मुलगा रडकुंडीला आला. गुबगुबीत, घामाघूम, बोट थोडंसं पोळलेलं. मला बघवेना. मी माझ्या खिशातून एक काडी त्याला गुपचूप दिली आणि त्याचं लाकूड पेटलं. तो एवढा खूश झाला की काय सांगू. बाईंनी पाहिलं होतं. त्या चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, "कादंबरीत ती मुलगी शेवटची काडी चार दिवस जपते. ती का जपते ते बाकीच्या सदतीस जणांना कळेल. त्याला नाही कळणार. तुम्ही त्याचं ते प्रकरण काढून घेतलंत." मला तेव्हा राग आला होता. एवढ्याशा काडीवरून माणसाने असं बोलावं? आता वाटतं, मी कसा माणूस आहे ते त्यांनी तेव्हाच ओळखायला हवं होतं. मला समोरच्याचं रडणं सहन होत नाही, म्हणून मी चटकन काहीतरी करून मोकळा होतो आणि ते रडणं दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला जातं.

मग पाणी. सहा जणांत एक बाटली, सकाळच्या घंटेपासून सुटेपर्यंत. आधी भांडणं, मग रुसवे, मग हळूहळू हिशेब. बाटलीचं झाकण हे माप. एक झाकण तोंडात घ्यायचं आणि लगेच गिळायचं नाही. दुपारपर्यंत मुलं अशी काही गंभीर होत की आमच्या प्रिन्सिपॉल मॅडम एकदा दारातून डोकावून म्हणाल्या, "हे आजारी आहेत का सगळे?"

तुमच्या मनात एव्हाना जे आलं असेल तेच आम्हा सगळ्यांच्या मनात होतं. या बाईंवर कधीतरी काहीतरी बेतलं असणार. स्टाफरूममध्ये त्यावर तर्क चालत. कुणी म्हणे उल्हास नदीच्या पुरात घरातलं कुणी गेलं, कुणी म्हणे त्या स्वतः तीन दिवस छपरावर होत्या. मी एकदा धीर करून विचारलं.

"नाही हो," बाई म्हणाल्या. "घरात गुडघाभर पाणी येऊन गेलंय, ते आमच्याकडे सगळ्यांच्याच येतं. मला आयुष्यात काही झालेलं नाही."

"मग हे सगळं?"

"काही झालेलं नाही म्हणूनच. झालं तर मला काय जमेल, मला तरी कुठे माहितीये?"

स्टाफरूममध्ये मी हे सांगितलं तेव्हा सगळ्यांची निराशा झाली. शोकांतिका असती तर त्यांना बाईंना माफ करता आलं असतं.

तयारीचा शेवटचा धडा माझ्या सर्वांत नावडीचा. अडकलात तर काय करायचं. बाई एकेका मुलाला माझ्या लोखंडी कपाटाशी उभं करत आणि बुटाने ठोकायला लावत. तीन ठोके. थांबायचं. ऐकायचं. पुन्हा तीन. अडतीस मुलं, तीन-तीन ठोके, आणि ते कपाट माझं. बाईंचं वाक्य मला पाठ आहे, कारण दर वर्षी मी ते अडतीस वेळा ऐकलं आहे: "ओरडून दम घालवू नका. ठोका, थांबा, ऐका. माणसाची चाहूल लागली की मग ओरडा, अंगात असेल नसेल तेवढ्या जोराने." हे वाक्य पूर्ण लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही असं नव्हे.

ईश्वरी त्या वर्षीच्या तुकडीत होती. बारीक चणीची, चष्मा लावणारी, हात कधी वर न करणारी मुलगी. आईवडील दोघंही नोकरीला, घर एकोणिसाव्या मजल्यावर, किल्ली दप्तरात. त्या आठवड्यात ठोक्यांचा धडा झाला होता आणि पुढच्या आठवड्यात पुस्तक उघडायचं होतं. शुक्रवारी दुपारी शाळेच्या बसमधून उतरून ती टॉवरमध्ये शिरली. दोन लिफ्टपैकी एक दुरुस्तीला, दुसरीसमोर गर्दी. म्हणून ती मागच्या सर्व्हिस लिफ्टने निघाली. ती लिफ्ट सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये बंद पडली.

आत घंटेचं बटण होतं. त्याची वायर सोसायटीने काढून ठेवली होती, कारण मुलं खोडीने ते बटण दाबत आणि वॉचमनला उगाच उठावं लागे. कॅमेरा होता. तो बसवलेला होता, जोडलेला नव्हता. फोन शाळेत न्यायला बंदी, त्यामुळे तोही नव्हता. ईश्वरीकडे अर्धी बाटली पाणी होतं आणि पायात बूट होते.

ती पावणेतीन तास आत होती. खाली बसली, बूट काढला आणि ठोकत राहिली. तीन ठोके, थांबायचं, ऐकायचं. पाणी झाकणाने प्यायली. सव्वापाचला दोन हमाल कुणाचा तरी फ्रिज घेऊन आले. लिफ्ट खाली येईना म्हणून ते जिन्याने वर पाहायला गेले आणि त्यांतल्या एकाने सहाव्या मजल्यावर दाराला कान लावला. मग त्याने आपल्या मुठीने तीन वेळा ठोकलं. आतून तीन ठोके आले. लिफ्टचा माणूस बोलावला, दार उघडलं, ईश्वरी स्वतःच्या पायांनी बाहेर आली. बाटलीत अजून दोन बोटं पाणी होतं.

आता हे ऐका. आमच्या कॉम्प्युटरच्या मॅडम त्याच टॉवरमध्ये राहतात, आणि त्या दिवशी रजेवर, घरीच होत्या. सोमवारी त्यांनी मला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मेसेज दाखवला. शुक्रवार दुपार, साडेतीन. "दुपारी दोन ते चार इंटिरियरचं काम बंद ठेवायचं असा नियम आहे. कोण ठोकतंय? लहान मुलं झोपलेली असतात." खाली अकरा अंगठे. त्यांतला एक कॉम्प्युटरच्या मॅडमचा. त्यांनी तो माझ्यापासून लपवला नाही, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगतो. ठोके साऱ्या इमारतीला ऐकू गेले होते. त्या इमारतीत बारा महिने कुणाच्या ना कुणाच्या घरात ठोकाठोक चालूच असते, त्यामुळे तो आवाज ही कुणाची तरी हाक असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ते ठोके हाक म्हणून ओळखले फक्त त्या हमालाने, आणि तो त्या इमारतीत राहत नव्हता.

मला वाटलं होतं, आता तरी बाईंचं नाव निघेल. निघालंही. मंगळवारी ईश्वरीचे वडील शाळेत आले, सोबत सोसायटीचे सेक्रेटरी. हे सेक्रेटरी आमच्या पालक समितीवरही होते. मी प्रिन्सिपॉल मॅडमच्या केबिनबाहेर बसलो होतो आणि तिथलं काचेचं दार नीट लागत नाही.

"माझी मुलगी पावणेतीन तास गप्प बसून राहिली," वडील म्हणाले. "मी विचारलं, बेटा तू ओरडलीस का नाही? तर म्हणते, मिसनी सांगितलेलं दम राखायचा. हे शिकवता तुम्ही? पोरीला काही झालं असतं म्हणजे?"

"नॉर्मल मुलगा असता तर दोन मिनिटांत ओरडला असता, आणि आमच्या वॉचमनला कळलं असतं," सेक्रेटरी म्हणाले. त्यांचा आवाज फार समजूतदार होता. वायरचा विषय कुणी काढला नाही.

त्या बापावर माझा राग नाही. त्याला कुणावर तरी ओरडायचं होतं, आणि सेक्रेटरींनी त्याला एक बाई शोधून दिली होती.

दुपारी प्रिन्सिपॉल मॅडमनी मला बोलावलं. "सर, तास तुमच्या लायब्ररीत होतो. तुम्ही विटनेस आहात. काय शिकवलं जातं ते थोडक्यात लिहून द्या. फक्त फॅक्ट्स. एक-दोन ओळी पुरेत."

आता मी जे सांगणार आहे ते सांगण्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं. त्या वर्षी लायब्ररी बंद करून तिथे डिजिटल सेंटर करायचं घाटत होतं. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. मॅडमनी धमकी दिली नाही, तसलं काही त्या करत नाहीत, त्या फक्त म्हणाल्या, "सेंटरला कुणीतरी अनुभवी माणूस लागेलच." मी खुर्चीत बसलो, पेन काढलं आणि लिहिलं: "विद्यार्थ्यांनी अडकल्यास ओरडून दम घालवू नये असे शिकवले जात असे." खाली सही, तारीख. एक शब्दही खोटा नाही. वाक्याचा दुसरा अर्धा भाग लिहायला आणखी एक ओळ लागली असती. कागदावर जागा होती.

बाईंना खुलासा मागितला. त्यांनी अर्ध्या पानात लिहून दिलं की त्या काय शिकवतात, आणि शेवटी एवढंच म्हटलं की त्या मुलीला विचारावं. मुलीला कुणी विचारलं नाही. तिला त्रास नको म्हणून. बाईंची सातवी काढून घेतली. त्यांना पहिली-दुसरीच्या कवायतीला आणि बसच्या रांगेला लावलं. अडतीस पुस्तकं माझ्या कपाटात परत आली, एकही न उघडलेलं. माझा जबाब त्यांना दाखवला गेला होता. दुसऱ्या दिवशी जिन्यात समोरासमोर आलो. मला वाटलं, त्या काहीतरी बोलतील, आणि बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी बाजूला सरून मला वाट दिली.

आठवडाभराने ईश्वरी लायब्ररीत आली. मधली सुट्टी होती. टेबलाशी उभी राहिली, चष्मा वर सरकवला.

"सर, मी ओरडलेले."

"काय गं?"

"लिफ्टमध्ये. मी ओरडलेले. एक आंटी आलेल्या सहाव्या मजल्यावर, फोनवर बोलत होत्या. मला आवाज आला म्हणून मी जोरात ओरडले, मिसनी सांगितलेलं तसं. त्या म्हणाल्या, बच्चे लोग, शोर मत करो. मग गेल्या."

"हे तू बाबांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, आता तो विषय नको." मग तिने विचारलं, "मिसनी सांगितलेलं ना सर, माणूस आलं की ओरडायचं? तुम्ही पण होतात ना इकडे?"

मी हो म्हणालो. ती गेली. ती तक्रार करत नव्हती, मला लाजवतही नव्हती. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती की तिने धडा बरोबर ऐकला होता.

त्या दुपारी मी दुसरं पत्र लिहिलं. पूर्ण वाक्य, ईश्वरीने सांगितलेलं सगळं, आणि माझ्या आधीच्या जबाबात अर्धंच लिहिलं होतं हेही. फार शूर झाल्यासारखं वाटलं. प्रिन्सिपॉल मॅडमनी ते उभ्या उभ्या वाचलं, फाइलमध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, "सर, तो चॅप्टर क्लोज झालाय. मिसनी सकाळीच रेझिग्नेशन दिलं." एकवीस वर्षांच्या नोकरीनंतर बाईंना निरोप समारंभ नको होता, असं स्टाफला कळवण्यात आलं. त्यांना विचारलं होतं का, ते मला माहीत नाही.

सातवीला मराठीसाठी एक नवी मुलगी आली. चांगली आहे बिचारी, हसतमुख. तिने ती कादंबरी तीन तासांत पडद्यावर दाखवून संपवली, चित्रांसह, प्रश्नोत्तरांसह. शेळी मरते त्या पानावर कुणी रडलं नाही. पूर्वी त्या पानाला माझ्या लायब्ररीत अडतीस मुलं अशी गप्प बसायची की पंख्याचा आवाज ऐकू यायचा, आणि बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहायच्या.

तीन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, मी दुसऱ्या पत्राची प्रत घेऊन शहाडला गेलो. प्रत कशाला, असं विचाराल, तर मला ती दाखवायची होती. तळमजल्यावरचं घर, दारात तुळस आणि मोगऱ्याच्या दोन कुंड्या. बाईंनी दार उघडलं, "या," म्हणाल्या, आणि मी कालच भेटून गेल्यासारखा चहा टाकायला आत गेल्या. मी पत्र काढून ठेवलं. चहाचा कप माझ्यापुढे ठेवून त्यांनी ते वाचलं. सावकाश, वही तपासताना वाचत तसं. मग घडी करून माझ्याकडे परत दिलं.

"चांगलं लिहिलंय," म्हणाल्या.

"बाई, मी त्या वेळीच..."

"चहा घ्या. गार होईल."

मी चहा घेतला. मी मनाशी ठरवून आलो होतो की माफी मागायची, आणि त्या नको नको म्हणाल्या तरी पूर्ण मागायची. पण त्या नको म्हणत नव्हत्या, हो म्हणत नव्हत्या, त्यांना त्या विषयाशी काही देणंघेणंच उरलेलं नव्हतं. नुसत्या समोर बसल्या होत्या, हात मांडीवर. मला तिथे बसवेना. माझा कप रिकामा झाल्यावर त्यांनी विचारलं, "ईश्वरी आता लिफ्टमध्ये बसते का?"

मला माहीत नव्हतं. तीन महिने ती रोज माझ्या दारावरून जात होती. मी तिच्यासाठी पत्र लिहिलं होतं, असं मी स्वतःला सांगत होतो, आणि एवढं साधं मी तिला विचारलं नव्हतं.

"विचारून सांगतो," म्हणालो.

"सांगा," बाई म्हणाल्या. मला सोडायला त्या दारापर्यंत आल्या नाहीत.

सोमवारी मी ईश्वरीला मधल्या सुट्टीत थांबवलं.

"लिफ्टने जातेस ना गं आता घरी?"

"नाही सर. जिन्याने."

"एकोणीस मजले? दप्तर घेऊन?"

"हो. पाऊण तास लागतो."

"एवढा? दमत असशील."

"दमत नाही. थांबावं लागतं ना." ती अगदी सहज सांगत होती, गृहपाठ सांगावा तसं. "प्रत्येक मजल्यावर सर्व्हिस लिफ्टच्या दाराला कान लावून बघते. कोणी आत असलं तर? तीनदा ठोकते, थांबते, मग वर जाते."

"आईला माहितीये?"

"मम्मी सात वाजता येते."

घंटा झाली आणि ती वर्गाकडे पळाली. मी लगेच बाईंना फोन लावला. जसं तिने सांगितलं तसं सगळं सांगितलं, एकोणीस मजले, दाराला कान, तीन ठोके. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग त्यांनी गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"मग तुम्ही काय म्हणालात तिला?" बाईंनी विचारलं.

मी आठवून पाहिलं. खोटं बोलावंसं वाटलं, पण त्यांच्याशी जमलं नाही.

"काही नाही," मी म्हणालो. "घंटा झाली."

"बरं," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी माझा फोन कधी उचलला नाही.